जात कोणत्या जनुकात असते?

मी येवल्यात जीवशास्त्र शिकवितो. घरातला पहिला पदवीधर. आनुवंशिकतेच्या तासाला एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग जातही जनुकात असते का?" काही जण हसले. मला हसू आले नाही.

जनुक म्हणजे प्रथिन घडविण्याची कृती. ती डीएनएत चार अक्षरांत लिहिलेली असते. तिची नक्कल आरएनए रायबोसोमकडे नेतो. तिथे तीन-तीन अक्षरे वाचून अमिनो आम्ले जोडली जातात. ही लिपी जवळजवळ साऱ्या सजीवांची एकच. १९७८ साली माणसाच्या इन्शुलिनची कृती जिवाणूला दिली, तर त्यानेही ती वाचली!

जनुकांतून रक्तगट येतो. पैठणी विणण्याचे कसब येत नाही, ते मागावर बसूनच शिकावे लागते. मग विटाळ कुठून येणार?

जातीतच लग्ने झाल्याने काही जनुके एखाद्या जातीत अधिक आढळतात, हे खरे. पण तो लग्नाच्या बंधनाचा परिणाम आहे, उच्चनीचतेचा पुरावा नव्हे. जातीचे मर्म याच बंधनात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच दाखविले होते. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच येवल्यात त्यांनी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले : जनुके निवडता येत नाहीत, जात मात्र नाकारता येते.