वरच्या वर्गात गेली, पण वजाबाकी येते का?

एप्रिल उजाडला की पाचवी आणि आठवीतल्या मुलांच्या घरी हल्ली धास्ती दिसते. आजी-आजोबांना वाटतं, पूर्वीसारखं पुन्हा नापास करायला लागले. आई-बाबांनी ऐकलेलं असतं की आठवीपर्यंत परीक्षाच काढून टाकल्यात. क्लासवाले आपल्या परीने त्यात भर घालतात. परिणाम असा की ज्या परीक्षेचा मुलाच्या पुढच्या वर्गाशी काही संबंध नाही, तिच्यासाठी घर डोक्यावर घेतलं जातं. आणि जी उत्तरपत्रिका खरोखर काही सांगत असते, ती न वाचताच सही होऊन शाळेत परत जाते. म्हणून पालकांच्या तोंडून सतत ऐकू येणारी काही विधानं घेऊन त्यांतलं खरं-खोटं इथे मांडते आहे.

‘आठवीपर्यंत कुणालाच नापास करत नाहीत’

हे 2010 पासून बरीच वर्षं खरं होतं, आता ते पूर्ण खरं नाही. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 16 नुसार पहिली ते आठवीच्या मुलाला त्याच वर्गात मागे ठेवता येत नव्हतं आणि शाळेतून काढूनही टाकता येत नव्हतं. 2019 मध्ये संसदेने हे कलम बदललं. पाचवी आणि आठवीच्या शेवटी नियमित परीक्षा घ्यायची, आणि त्यात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला मागे ठेवायचं की नाही हे ज्या त्या राज्याने ठरवायचं, अशी तरतूद आली. म्हणूनच वेगवेगळ्या राज्यांत चित्र वेगळं आहे. तमिळनाडूने कुणालाही मागे न ठेवण्याचं धोरण कायम ठेवलं. महाराष्ट्राने 2023 मध्ये आपले नियम बदलले आणि 2023-24 या शैक्षणिक वर्षापासून पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा सुरू केली. केंद्राने आपल्या अखत्यारीतल्या केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं, सैनिक शाळा यांच्यासाठी डिसेंबर 2024 मध्ये तसाच नियम आणला.

मात्र हा बदल फक्त पाचवी आणि आठवीपुरता आहे. पहिली ते चौथी, सहावी आणि सातवी या इयत्तांत आजही मुलाला मागे ठेवता येत नाही. दुसरीतल्या मुलाच्या पालकांना कुणी ‘याला यंदा पुन्हा दुसरीतच बसवू’ असं सुचवत असेल, तर त्याला कायद्याचा आधार नाही, हे शांतपणे सांगता येतं.

नववी मात्र या कायद्याच्या बाहेर आहे. आठ वर्षं प्रगतिपुस्तकाकडे न बघता काढलेल्या अनेक घरांना पहिला धक्का नववीत बसतो, तो यामुळे.

‘ही बोर्डाचीच परीक्षा आहे, आणि नापास झाला की वर्ष गेलं’

दोन्ही चूक. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला बोर्डाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची सक्ती करता येत नाही, असं कायद्याचं कलम 30 म्हणतं. पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा शाळाच घेते आणि शाळाच तपासते. महाराष्ट्रात पाचवीला प्रत्येक विषयाची 50 गुणांची आणि आठवीला 60 गुणांची परीक्षा असते. उत्तीर्ण व्हायला 35 टक्के लागतात, म्हणजे पाचवीला 18 आणि आठवीला 21 गुण. थोडक्यात हुकलेल्यांसाठी सवलतीच्या गुणांचीही सोय आहे. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांची अशी परीक्षा नसते.

एखाद्या विषयात मूल राहिलं, तर शाळेने त्या विषयाचं जादा मार्गदर्शन द्यायचं आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची. त्यातही अनुत्तीर्ण झालं तरच त्या वर्गात ठेवण्याचा प्रश्न येतो. तेव्हाही त्याला शाळेतून काढता येत नाही. काही ठिकाणी आठवीतल्या कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून ‘दाखला घेऊन जा, दुसरीकडे बघा’ असं आडून सुचवलं जातं, कारण पुढच्या दहावीच्या निकालाची टक्केवारी राखायची असते. पालक बिचारे मान खाली घालून दाखला घेतातही. कृपा करून घेऊ नका. आठवी पूर्ण होईपर्यंत त्या शाळेत राहणं हा मुलाचा हक्क आहे.

‘ढकलपास होतं तेव्हा परीक्षाच नव्हत्या’

हा गैरसमज इतका पक्का बसला आहे की शिक्षकांपैकीही काहीजण तो बोलून दाखवतात. कायद्याने मागे ठेवणं थांबवलं होतं, मुलाला काय येतं ते तपासणं कधीच थांबवलं नव्हतं. महाराष्ट्रात ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्याचे दोन भाग आहेत. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं: रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय. आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारं. पहिली-दुसरीत आकारिकला 70 आणि संकलितला 30 असं वजन असतं. इयत्ता वाढेल तसं ते सरकत जातं आणि सातवी-आठवीपर्यंत 40-60 होतं. लहान मुलाला तीन तासांच्या पेपरातून ओळखता येत नाही, हा त्यामागचा विचार. तो मला आजही पटतो.

घोटाळा अंमलबजावणीत झाला. मागे ठेवायचं नाही म्हणजे बघायचंही नाही, असा सोयीस्कर अर्थ अनेक ठिकाणी लागला. आकारिक नोंदींच्या वह्या वर्षअखेरीस एका बैठकीत भरल्या गेल्या. प्रगतिपुस्तकावर ‘ब-1’, ‘क-2’ अशा श्रेणी आल्या आणि पालकांनी त्या वाचणंच सोडलं. श्रेणी वाचायला अवघड नाहीत. अ-1 म्हणजे 91 आणि त्यावर, अ-2 म्हणजे 81 ते 90, आणि तशीच दहा-दहाने उतरत ड म्हणजे 33 ते 40. त्याखाली ई-1 आणि ई-2. मूल ‘ड’च्या खाली गेलं, तर त्याला जादा मार्गदर्शन देऊन किमान तिथवर आणायचं, अशी शाळेची जबाबदारी ठरवून दिलेली आहे. तिसरीतल्या मुलीला गणितात ई-1 मिळूनही ती चौथीत गेली, तर कायद्याने आपलं काम केलं. पण ई-1 का मिळाला, हे शाळेत जाऊन विचारायचं काम शिल्लकच राहिलं.

‘पायाभूत चाचणीत कमी पडले, आता काय करायचं?’

हा प्रश्न ऐकला की मला बरं वाटतं, कारण निदान कुणीतरी ती चाचणी बघितलेली असते. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद नियतकालिक मूल्यांकन चाचण्या घेते. त्यांतली वर्षाच्या सुरुवातीची ती पायाभूत चाचणी. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत ती होते. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी हे तिचे विषय, आणि राज्यभर एकच प्रश्नपत्रिका. बहुतेक प्रश्न मागच्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींवर असतात, कारण मागचं किती टिकलंय ते तिला बघायचं असतं. शिक्षक गुण भरतात ते विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर, आणि पालकांची समजूत होते की मूल कुठेतरी ‘सरकारदरबारी नोंदलं गेलं’. या चाचणीवरून कुणी पास-नापास होत नाही. तिच्यासाठी क्लास लावणं, सराव करून घेणं म्हणजे तिचा उपयोगच घालवणं.

तिचा उपयोग काय, ते एका गणितावरून बघू. चौथीतल्या दोन मुलांना 304 वजा 178 करायचं आहे. उत्तर 126. एकाने लिहिलं 274, दुसऱ्याने 226. दोघांनाही शून्य गुण. गुणांच्या रकान्यात दोघं सारखेच.

आता वहीत बघा. 274 लिहिणाऱ्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा केला आहे. एककात 8 मधून 4, दशकात 7 मधून 0, शतकात 3 मधून 1. वर कोण, खाली कोण याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हातच्याची वजाबाकी त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही, बहुधा दशक-एकक ही कल्पनाही नाही. त्याला पुन्हा दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन दुसरीच्या पायरीवर बसवावं लागेल. 226 लिहिणारा पुष्कळ पुढे आहे. चारातून आठ जात नाहीत हे त्याला कळलं. दशकात शून्य आहे, तिथून काही मिळत नाही हेही कळलं. त्याने तिथे नऊ केले, एककात चौदा केले, वजाबाकी नीट केली. फक्त शतकातला एक सुटा केल्यावर तिथे तीनाचे दोन करायचे राहिले. या मुलाला शून्य असलेल्या चार-पाच वजाबाक्या शेजारी बसवून करून घेतल्या की झालं.

म्हणून चाचणीचा निकाल लागल्यावर ‘किती पडले’ एवढं विचारून थांबू नका. उत्तरपत्रिका मागा आणि चुकलेली दोन गणितं मुलाला मोठ्याने बोलत पुन्हा सोडवायला सांगा. रागावू नका, मध्ये सुधारू नका, फक्त ऐका. भाषेचंही तसंच. मुलाला उतारा घडाघडा वाचता येतो पण त्यात काय घडलं ते सांगता येत नाही, की मुळात अक्षरंच अडतात, या दोन अडचणींचे उपाय निराळे आहेत. दोन्ही मुलांना एकच ‘वाचन वाढवा’ असा शेरा मिळतो आणि दोघांपैकी कुणाचंच भलं होत नाही.

‘राष्ट्रीय सर्वेक्षणात आमचा मुलगा होता, त्याचा निकाल कधी?’

लागणारच नाही. 2017 आणि 2021 चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण किंवा 4 डिसेंबर 2024 रोजी तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांचं झालेलं ‘परख’ सर्वेक्षण, यांत काही शाळा आणि काही मुलं नमुना म्हणून निवडतात. अहवाल जिल्ह्याचा, राज्याचा आणि देशाचा निघतो. एकेका मुलाचा नाही. परीक्षा त्यात व्यवस्थेची असते. प्रथम संस्थेचा ‘असर’ अहवालही तसाच. त्यांचे कार्यकर्ते गावात घरी येऊन मुलाला एक परिच्छेद वाचायला आणि एक भागाकार करायला देतात. मूल अडखळलं म्हणून लाजायचं कारण नाही.

‘शिष्यवृत्तीत नाव आलं नाही, म्हणजे पोरगं सामान्य’

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा ऐच्छिक आहे. मर्यादित शिष्यवृत्त्यांसाठी निवड करायची म्हणून तिच्या प्रश्नांना मुद्दाम वळणं दिलेली असतात. नवोदय प्रवेशाची परीक्षाही निवडीसाठीच. या दोन्हींचा वरच्या वर्गात जाण्याशी काडीचाही संबंध नाही. मुलाला आवडत असेल तर जरूर बसवा. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाचं संध्याकाळचं खेळणं दोन वर्षं बंद करून मिळवलेली ती यादी मला महाग वाटते.

‘एक वर्ष मागे राहिलं तर पाया पक्का होईल’

प्रेमापोटी बोललं जाणारं हे वाक्य सर्वांत जास्त तपासून घ्यायला हवं. अमेरिकेत शिकागो शहराने 1996 मध्ये असाच विचार करून तिसरी, सहावी आणि आठवीसाठी नियम केला: प्रमाणित चाचणीत ठरावीक मजल गाठल्याशिवाय पुढचा वर्ग नाही. हजारो मुलं मागे राहिली. शिकागो विद्यापीठातल्या मेलिसा रॉडरिक आणि जेनी नागाओका यांनी पुढे त्या मजलेच्या थोडं खाली आणि थोडं वर असलेल्या मुलांची तुलना केली. तिसरीत मागे ठेवलेल्यांना दोन वर्षांनी कोणताही ठोस फायदा दिसला नाही. सहावीत मागे ठेवलेल्यांची प्रगती तर उलट मंदावली.

कारण समजायला कठीण नाही. तोच वर्ग, तेच पुस्तक, बहुधा तेच शिक्षक आणि शिकवण्याची तीच रीत. पहिल्या वर्षी ज्या रीतीने 274 दुरुस्त झालं नाही, ते दुसऱ्या वर्षी त्याच रीतीने कसं होणार? शिवाय आता मित्र पुढे गेलेले, आणि वर्गात आपण थोराड दिसतो ही बोच. आठवीतल्या मुलीच्या बाबतीत तर एक वर्ष वाया गेलं हे तिची शाळा बंद करायला अनेक घरांत पुरेसं कारण ठरतं. म्हणून मागे ठेवण्याची तरतूद आल्याने आता शिस्त येईल, या आनंदात मला सामील होता येत नाही. कायद्यातली जादा मार्गदर्शनाची ओळ किती शाळांत खरोखर पाळली जाते, यावर सगळं अवलंबून आहे, आणि तिथे पालकांनी लक्ष ठेवायला हवं. अनुदानित आणि सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. जादा वर्ग कधी भरतात, कोण घेतं, किती मुलं येतात, हे तिथे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे.

प्रयत्न करूनही मूल अक्षरांत, अंकांत सतत गोंधळत असेल, बोलण्यात हुशार आणि लिहिताना कोलमडत असेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ती येते, आणि प्रमाणपत्र असलेल्या मुलाला परीक्षेत सवलती मिळतात. ही तपासणी दुसरी-तिसरीत झाली तर हातात वेळ असतो. आठवीच्या मार्चमध्ये धावाधाव होते.

आणि पाचवी-आठवीत विषय राहिलाच, तर निकालाच्या दिवशीच तीन गोष्टी विचारून घ्या: उत्तरपत्रिका कधी बघायला मिळेल, जादा मार्गदर्शन कोणत्या तारखेपासून आणि कोण देणार, पुनर्परीक्षा कधी. गावी जायची तिकिटं त्यानंतर काढा.