घरात राहा, पण बसून राहू नका

वाचकहो, २०२० सालचा गुढीपाडवा आठवतो का? तो २५ मार्चला आला होता. आदल्या रात्री बारा वाजल्यापासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी सुरू झाली होती. गुढीसाठी कडुनिंबाचा डहाळा आणायला बाहेर पडावे की नाही, यावरही घराघरांत चर्चा झाली. माझा दवाखाना उघडा होता, पण पेशंट कमी आणि फोन जास्त. प्रत्येकाला मी एकच सांगत होतो, "घरात बसा, बाहेर पडू नका." दिवसातून पन्नास वेळा तरी हे वाक्य मी म्हटले असेल.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक निवृत्त गुरुजी गोळ्या लिहून घ्यायला आले. वय ६७, बारा वर्षांचा मधुमेह. रोज पहाटे नदीच्या रस्त्याने पाऊण तास चालायचे. माणूस शिस्तीचा, त्यामुळे उपाशीपोटीची साखर १३० च्या आसपास असे. त्या दिवशी ती २१४ निघाली. पावलांवर सूज होती, गुडघे आखडले होते, रात्री झोप नव्हती. गोळ्या चुकल्या का? नाही. गोडधोड झाले का? पाडव्याला दोन चमचे श्रीखंड, बस्स. मग चालणे? गुरुजी माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच म्हणालात ना, घरात बसा? मी बसलो. सकाळी रामायण, दुपारी महाभारत."

चूक गुरुजींची नव्हती, माझी होती. मला म्हणायचे होते 'घरात राहा', आणि मी सांगत होतो 'घरात बसा'. या दोन शब्दांतला फरक किती महाग पडतो, ते आज सांगतो.

चालताना शरीरात काय घडते?

मांड्या आणि पोटऱ्या हे शरीरातले मोठे स्नायू. ते काम करू लागले की रक्तातली साखर इंधन म्हणून ओढून घेतात. एरवी साखर स्नायूंत शिरण्यासाठी इन्शुलिन लागते आणि मधुमेहात नेमके तेच अपुरे किंवा दुबळे पडते. पण आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनवाचूनही साखर आत घेऊ शकतो. म्हणजे पुढचे दार नीट उघडत नसले तरी चालण्याने मागचे दार उघडते. हा फायदा एक-दोन दिवस टिकतो, म्हणून मधुमेहींनी चालण्यात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये. गुरुजींचा खंड तीन आठवड्यांचा होता.

सुजेचे कारणही असेच. पायांतले रक्त वर हृदयाकडे चढवायला पोटरीचे स्नायू पंपासारखे काम करतात. दिवसभर पाय लोंबते ठेवून खुर्चीत बसले की हा पंप बंद पडतो. गुडघ्यातल्या कूर्चेला तर स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. सांधा हलला की आतला द्रव तिच्यात झिरपतो आणि त्यावर ती पोसली जाते. राहिली झोप. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचे घड्याळ लागते. तो उजेडच मिळाला नाही, तर रात्री झोप वेळेवर कशी येणार?

अंगण बारा पावलांचे

गुरुजींच्या घराला बारा पावलांचे अंगण आणि वर गच्ची होती. मी सांगितले, उद्यापासून पायात बूट घालून गच्चीवर फिरा. सकाळी वीस मिनिटे आणि दोन्ही जेवणांनंतर अंगणात दहा-दहा मिनिटे. जेवणानंतर साखर चढू लागते, त्याच वेळी केलेली शतपावली तिला आवर घालते. जागा लहान असेल तर एकाच दिशेने गोल फिरू नये, चक्कर येते. मराठी चारच्या आकड्यासारखे वळत चालावे. वेग एवढा असावा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही.

पंधरा दिवसांनी गुरुजींचा फोन आला. साखर १४८, सूज उतरलेली. म्हणाले, "डॉक्टर, चाळीस वर्षे या घरात राहतो, पण समोरच्या पिंपळाची तांबूस पालवी आणि कडुनिंबाचा मोहर गच्चीवरून यंदा प्रथमच पाहिला. कोकिळा पहाटे पाचला सुरू होते, तेव्हा मीही सुरू होतो." पुढे ३ जूनपासून राज्य शासनाने मोकळ्या जागी चालण्या-धावण्याला परवानगी दिली आणि गुरुजी नदीच्या रस्त्याला परतले.

सहा मिनिटांची परीक्षा

पुढच्या वसंतात, २०२१ मध्ये, दुसरी लाट आली. गुरुजींनाही करोनाने गाठले. बसल्या जागी बोटावरच्या यंत्रात प्राणवायूचे प्रमाण ९६, धाप नाही. तरीही त्यांना घरात सहा मिनिटे चालायला लावले. आकडा ९१ वर आला. प्रमाण ९३ च्या खाली गेले, किंवा सुरुवातीच्या आकड्यापेक्षा ३ हून अधिक अंकांनी घसरले, तर घरी थांबायचे नाही, असा त्या वेळी दंडक होता. त्यांना त्याच दुपारी दाखल केले. बारा दिवसांनी ते घरी आले. बसून राहिले असते, तर फुप्फुसाचा आजार आणखी एक-दोन दिवस लपून राहिला असता. अर्थात बसल्या जागी धाप असेल किंवा आकडा आधीच कमी असेल, तर ही परीक्षा करायची नसते, थेट दवाखाना गाठायचा असतो. तापाच्या दिवसांत व्यायाम म्हणूनही चालू नये.

आज टाळेबंदी नाही. पण पावसाची झड, घरातले आजारपण, परीक्षेची जागरणे अशी छोटी टाळेबंदी प्रत्येक घरात अधूनमधून येतेच. तेव्हा एवढे लक्षात ठेवा :

● आठवड्यात निदान १५० मिनिटे चालणे व्हावे. ते दहा-दहा मिनिटांचे तुकडे जोडून झाले तरी चालते.

● इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच तोंडात टाकावी.

● मधुमेहींनी अनवाणी चालू नये. रात्री तळपाय आरशात पाहावेत.

● छातीत दुखले, दडपण आले तर तिथेच थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे.

● चैत्र-वैशाखात ऊन चढण्याआधी फिरणे उरकावे.

मीही तेव्हापासून माझे वाक्य बदलले आहे. आता पेशंटला सांगतो, "घरात राहा, पण बसून राहू नका."