अक्षरांच्या पुढे (लेखांक ७) : सीतम्माचा धडा

ब्राझीलच्या पाउलो फ्रेरी यांनी मजुरांना त्यांच्याच जगण्यातले शब्द घेऊन वाचायला कसं शिकवलं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. प्रौढांना तसं शिकवल्यावर काय घडतं, ते आज आंध्र प्रदेशातल्या नेल्लोर जिल्ह्यात पाहू.

तिथे १९९१ मध्ये संपूर्ण साक्षरता मोहीम रंगात आली होती. दिवसभर राबून बाया रात्री वर्गाला बसत. शिकवायला गावातलेच स्वयंसेवक. पुस्तिकेत एक धडा होता, ‘सीतम्माची कथा’. दारूपायी संसाराची कशी परवड होते, त्याची साधी गोष्ट. धडा वाचून झाला की त्यावर बोलायचं, ही या वर्गांची रीत. आणि बोलण्यासारखं पुष्कळ होतं. ‘वारुणी वाहिनी’ योजनेखाली सरकारच अरक नावाची देशी दारू पाकिटांतून गावोगाव पोचवत होतं. दुकानांचे लिलाव व्हायचे, तिजोरी भरायची, आणि मजुरीचे पैसे घरी यायच्या आधीच संपायचे.

नवरा पितो हे आपलं नशीब, असं जी ती धरून चालली होती. वर्गात कळलं, शेजारणीचंही तेच आहे, पलीकडच्या आळीतही तेच. मग नशीब कसलं? दुकानाला परवाना कोणी दिला, पैसा जातो कुठे, हे प्रश्न तिथून पुढचे. अमेरिकी अभ्यासक जॅक मेझिरो यांनी १९७८ मध्ये प्रौढशिक्षणाचा जो सिद्धांत मांडला, तो याच वळणाबद्दल आहे. नुसत्या माहितीने मोठं माणूस फारसं बदलत नाही. आजवर गृहीत धरलेलं चारचौघांत तपासून पाहिलं, की बदलतं.

१९९२ मध्ये दुबगुंटा गावच्या बायांनी रोसम्मा यांच्या पुढाकाराने अरकाचं दुकान बंद पाडलं. मोहिमेने ही हकीकत पुढच्या पुस्तिकेत धडा म्हणून छापली : ‘बाया एकवटल्या तर’. तो वाचून इतर गावांतल्या बाया उठल्या. दुकानं बंद पडली, लिलाव रोखले गेले. १ ऑक्टोबर १९९३ पासून राज्यभर अरकबंदी झाली आणि १९९५ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने संपूर्ण दारूबंदी आणली.

१९९७ मध्ये ती बहुतांशी उठली. त्यामुळे हे शिक्षण वाया गेलं, असं मला मुळीच वाटत नाही. नुकतंच वाचायला शिकलेल्या बायांनी सरकारी लिलाव अडवला, हेच मोठं. ‘आडव्या बाटली’साठी मतदान घडवून आणणाऱ्या आपल्याकडच्या बायांना त्यामागचं धाडस वेगळं सांगायला नको.

आज ‘उल्लास’ कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांना स्वयंसेवक शिकवतात. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर एक विनंती आहे. धडा संपला की लगेच पुस्तक मिटू नका. ‘आपल्या गावात असं घडतं का?’ एवढं विचारा आणि ऐकत बसा. परीक्षा तोंडावर आली असली, तरी त्या ऐकण्याला वेळ द्या.