सरगुंड्यांच्या प्रदेशात पास्ता परका कसा?

अमरावती-अकोल्याकडे पास्ता आता नवलाचा राहिलेला नाही. गाड्यांवर मिळतो, वाढदिवसाच्या जेवणात असतो, मुलांच्या डब्यात जातो. तरी घरातल्या मोठ्यांचं त्याच्याबद्दलचं मत ठरलेलं असतं: तो मैद्याचा असतो, चीजशिवाय होत नाही, वऱ्हाडी जिभेला फिका लागतो आणि महागडं सामान आणल्याशिवाय घरी जमत नाही. गाड्यावरच्या पास्त्यापुरतं हे मत समजण्यासारखं आहे. पण त्यावरून इटलीतल्या घरगुती स्वयंपाकाचा निवाडा करणं चूक आहे. तो स्वयंपाक, विशेषतः दक्षिण इटलीतला, पाऊस कमी असलेल्या मुलखातल्या शेतकऱ्यांचा आहे. कठीण गहू, हरभरा, लसूण, मिरची, टमाटे आणि थोडं तेल एवढ्यावर तो उभा आहे, आणि यातली एकही वस्तू वऱ्हाडाला अनोळखी नाही.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज मैद्याचा आहे. वाळवलेला पास्ता ड्युरम नावाच्या कठीण गव्हाच्या रव्यापासून करतात. रवा आणि पाणी, बाकी काही नाही. इटलीत तर १९६७च्या कायद्यानं विक्रीचा वाळवलेला पास्ता याच गव्हाच्या रव्याचा असणं बंधनकारक केलं. हा ड्युरम म्हणजे आपला बन्सी गहू. पिवळसर, कठीण, काचेसारख्या दाण्याचा, आणि रव्यासाठी, शेवयांसाठी, कुरडयांसाठी घराघरांत मुद्दाम मागितला जाणारा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं जिरायती शेतीसाठी दिलेलं ‘शरद’ हे वाण बन्सीच आहे; निफाडच्या गहू संशोधन केंद्राची ‘पंचवटी’ आणि ‘गोदावरी’ ही वाणंही बन्सीच. म्हणजे पास्त्याचं मूळ धान्य आपल्याच विद्यापीठाच्या शिवारात उगवतं आणि आपण मात्र त्याला मैदा म्हणून नाकारतो. अर्थात मैद्याचा आरोप पूर्ण निराधार नाही. आपल्या बाजारातला सुटा, स्वस्त मॅकरोनी पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो, उत्तर इटलीतला अंड्याचा ताजा पास्ता मऊ गव्हाच्या पिठाचा असतो आणि पिझ्झाही मऊ गव्हाचाच असतो. म्हणून पाकिटाच्या मागे घटकांची यादी वाचावी; तिथं ड्युरम गव्हाचा रवा असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्यावा. मधुमेहाची काळजी असणाऱ्यांसाठीही हा फरक महत्त्वाचा आहे. दाबून काढलेल्या आणि वाळवलेल्या ड्युरमच्या पास्त्यात पिष्ट प्रथिनांच्या जाळ्यात अडकून राहतं, ते सावकाश पचतं. म्हणून त्याचा ग्लायसेमिक निर्देशांक साधारण ५०च्या आसपास येतो, तर पांढऱ्या पावाचा ७०च्या पुढे जातो. पण तोच पास्ता कुकरमध्ये शिट्ट्या करून लगदा होईपर्यंत शिजवला तर हा फायदा कमी होतो, आणि ताटभर खाल्ला तर उरतच नाही. इटलीत माणशी सुमारे ८० ग्रॅम कोरडा पास्ता घेतात.

दुसरा गैरसमज असा की पिठाला असे आकार देणं ही परदेशी कारागिरी आहे. वऱ्हाडातल्या ज्या घरांत उन्हाळ्यात सरगुंडे होतात, तिथं तरी हे मत टिकू नये. भिजवलेल्या पिठाची बारीक लड काडीवर पीळ देत गुंडाळायची, काडी अलगद ओढून घ्यायची, उरलेली पोकळ पिळदार नळी वाळवायची, आणि मग उकडून आमरसाबरोबर वाढायची. सिसिलीच्या पश्चिम टोकाला त्रापानी गावाकडे ‘बुझियाते’ नावाचा पास्ता होतो, तो असाच: कठीण गव्हाच्या पिठाची लड एका रानगवताच्या काडीवर गुंडाळतात आणि काडी काढून घेतात. आपले गव्हले, मालत्या, नखुले ही लग्नाच्या रुखवतातली वळवटं पाहिली तरी हेच दिसतं. यावरून कुणी कुणाकडून शिकलं असा दावा मी करणार नाही. तसा पुरावा नाही आणि त्याची गरजही नाही. गहू कठीण, ऊन कडक आणि धान्य वर्षभर टिकवायची निकड असली की माणसं एकाच उपायाला पोहोचतात. याच संदर्भात मार्को पोलोनं १२९५ साली चीनहून पास्ता आणला ही गोष्टही बाजूला ठेवावी. अल-इद्रिसी या भूगोलकारानं ११५४मध्येच सिसिलीतल्या त्राबिया गावात लांब शेवयांसारखा पदार्थ मोठ्या प्रमाणात बनून जहाजांनी बाहेर जात असल्याचं लिहून ठेवलं आहे. तेव्हा मार्को पोलो जन्मालाही आला नव्हता. उलट टमाटा, ज्याशिवाय आपल्याला पास्ता सुचत नाही, तो अमेरिकेतून युरोपात सोळाव्या शतकात आला. टमाट्याच्या सॉसची इटलीतली सुरुवातीची लेखी कृती १६९२ची आहे. म्हणजे टमाटा त्यांना जेवढा बाहेरचा, तेवढाच आपल्यालाही.

तरीही कुणी म्हणेल, सगळं मान्य, पण झणझणीत खाणाऱ्या माणसाचं यानं कसं भागणार? ही शंका पांढऱ्या सॉसच्या पास्त्यातून आली आहे. मलई घातलेला ‘अल्फ्रेडो’ आणि लोण्यानं माखलेला गार्लिक ब्रेड यांना आजचं रूप अमेरिकेतल्या हॉटेलांनी दिलं. रोमच्या अल्फ्रेडोमध्ये लोणी आणि चीज एवढंच होतं, मलई नव्हती. दक्षिणेच्या कालाब्रिया भागात मिरचीशिवाय स्वयंपाक होत नाही. लसूण, तेल आणि लाल मिरची एवढ्यावरच होणारी स्पॅगेटी तर इटलीभर रोजच्या जेवणातली आहे. तेलात लसूण मंद आचेवर सोनेरी करायचा, मिरची चुरडून टाकायची, शिजलेला पास्ता त्याच्याच वाटीभर पाण्यासकट त्यात परतायचा. ऑलिव्ह तेलानं वेगळी चव येते हे खरं, पण घरचं शेंगदाण्याचं तेल वापरलं म्हणून पदार्थ बिघडत नाही. उत्तर इटलीत तर कित्येक पदार्थ लोण्यातच होतात. चीजचंही तसंच. दक्षिणेतल्या गरीब घरांत चीजऐवजी शिळ्या पावाचा चुरा तेलात भाजून वरून भुरभुरत. शाकाहारी घरांनी मात्र एक लक्षात ठेवावं: अस्सल पार्मेजानो चीज वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटनं विरजलेलं असतं, म्हणून हिरवा ठिपका पाहूनच चीज घ्यावं. आणि इटालियन स्वयंपाकात लागणारं बेसिल म्हणजे तुळस नव्हे. ज्याचं बी आपण उन्हाळ्यात सरबतात भिजवतो तो सब्जा आणि बेसिल ही एकाच जातीची झाडं; कुंडीत सब्जा पेरला की पानं मिळतात. त्रापानीत बुझियातेबरोबर बदाम, टमाटे, लसूण आणि बेसिल एकत्र वाटून लावतात. बदामाच्या जागी शेंगदाणे आणि बेसिलच्या जोडीला सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून हेच वाटण सरगुंड्यांना लावलं तर उत्तम लागेल असं माझं मत आहे.

यावर अधिक वजनदार आक्षेप असा: साहित्य आपलंच असेल तर वरणफळं आणि चिकोल्याच का खाऊ नयेत? जरूर खाव्यात. इटलीतही हरभरा आणि पास्ता एकत्र शिजवतात, आणि तो पदार्थ वरणफळांच्या अगदी जवळचा आहे. पण पद्धत वेगळी असली की त्याच धान्याची चव वेगळी होते. पास्त्याच्या मध्यभागी किंचित कणखरपणा ठेवून तो उतरवणं आणि सॉसमध्ये शेवटचं मिनिट शिजवणं ही शिकण्यासारखी गोष्ट आहे.

शिजवण्याबाबतच्या समजुती मात्र लवकर सोडाव्यात. पाण्यात तेल घालून पास्ता सुटा राहत नाही, तेल वर तरंगतं. पहिली दोन मिनिटं ढवळत राहिलं की पुरतं. शिजल्यावर गार पाण्यानं धुवू नये, कारण सॉस धरून ठेवणारं पिष्ट त्यात निघून जातं. शंभर ग्रॅमला लिटरभर पाणी हा इटालियन दंडक आहे, पण नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या घरानं तो पाळायलाच हवा असं नाही. पसरट भांड्यात पास्ता बुडेल एवढ्याच पाण्यात, सतत हलवत, तो नीट शिजतो, आणि ते दाट पाणी सॉससाठी अधिक उपयोगी पडतं. दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरत असाल तर मीठ घालण्याआधी ते चाखून पाहा. तिथं पुस्तकातलं प्रमाण चालणार नाही. पिझ्झ्याच्या पिठालाही हाच न्याय. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना पुस्तकात लिहिलेले दोन तास पीठ बाहेर ठेवलं तर ते आंबून ढिलं पडतं. यीस्ट निम्मं घ्यावं, गार पाण्यात भिजवावं, रात्रभर फ्रिजमध्ये फुगू द्यावं आणि भट्टी नसेल तर जाड लोखंडी तव्यावर झाकण ठेवून भाजावं.