जुना संगणक मूळपदावर आणताना

विंडोज एक्सपी, व्हिस्टा किंवा विंडोज ७ च्या काळात ब्रँडेड संगणक घेतला, की त्याच्या हार्ड डिस्कचा एक भाग कंपनीने आधीच अडवून ठेवलेला असे. हा रिकव्हरी विभाग एक तर दिसतच नाही किंवा ‘डी’ ड्राइव्ह म्हणून दिसतो. संगणक कारखान्यातून निघाला तेव्हाची विंडोज, त्या यंत्राचे ड्रायव्हर आणि कंपनीने सोबत दिलेले प्रोग्राम असे सगळे त्यात दाबून साठवलेले असते. फॅक्टरी रीसेटमध्ये ‘सी’ ड्राइव्ह पुसला जातो आणि ही प्रत तिथे नव्याने उलगडली जाते. ‘सिस्टिम रिस्टोअर’ हा निराळा प्रकार. तो फक्त विंडोजच्या नोंदी आणि प्रोग्राम मागच्या तारखेला नेतो, फोटो किंवा पत्रांना हात लावत नाही.

ही प्रत जागी करण्याची कळ कंपनीगणिक वेगळी. संगणक सुरू होताना एचपीवर एफ-११, एसरवर ऑल्ट आणि एफ-१०, आसुसवर एफ-९, एक्सपीच्या काळातल्या डेलवर कंट्रोल आणि एफ-११. तोशिबाच्या बऱ्याच लॅपटॉपवर शून्याची कळ दाबून धरून यंत्र चालू करावे लागते, तर लेनोव्होच्या अनेक लॅपटॉपना त्यासाठी वेगळे छोटे बटणच दिलेले असते. कळ दाबूनही काही घडले नाही, तर बहुधा मधल्या काळात कोणीतरी सगळी डिस्क ‘फॉरमॅट मारून’ रिकव्हरी विभागही उडवलेला असतो, किंवा सोबत लिनक्स टाकताना डिस्कच्या आरंभीचा बूट कोड बदललेला असतो. दुसऱ्या प्रकारात प्रत शाबूत असते, फक्त तिच्याकडे जाणारी वाट बुजलेली असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून सुटे भाग आणून जुळवलेल्या असेंबल्ड संगणकात मात्र असा विभाग मुळातच नसतो. तिथे विंडोजची सीडी आणि २५ अक्षरांची प्रॉडक्ट की लागते. ब्रँडेड यंत्रांवर हीच की कॅबिनेटवर किंवा लॅपटॉपच्या पोटाशी चिकटवलेली असते. लॅपटॉपचे स्टिकर घासून पुसट होते, म्हणून त्याचा फोटो वेळीच काढलेला बरा. विंडोज ८ पासून ही की मदरबोर्डमध्येच साठवली जाऊ लागली आणि रीसेटची सोयही थेट विंडोजच्या सेटिंगमध्ये आली.

कळ दाबणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. खरी मेहनत आधीची. मूळ प्रत आणि रोजचा वापर एकाच डिस्कवर असल्याने, डिस्क खराब होत आली असेल तर रीसेट अर्ध्यावर थांबतो आणि जुनेही जाते, नवेही मिळत नाही. त्यामुळे आधी डिस्क तपासावी, कंपनीच्या प्रोग्रामने रिकव्हरी डीव्हीडींचा संच करून ठेवावा आणि सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात.

मराठी घरात एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे फाँट. श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमवर टाइप केलेले जुने लेखन युनिकोडमध्ये नसेल, तर त्याचा विशिष्ट फाँट गेला की फाइल उघडते, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. फाइलींबरोबर फाँटही उतरवून घ्यावेत. शक्य असल्यास मजकूर आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. एक्सपीची अडचण आणखी वेगळी. तिच्यात देवनागरी दाखवण्याची सोय मुळात बंद असते. ‘रिजनल अँड लँग्वेज’मध्ये जाऊन ती चालू करेपर्यंत युनिकोड मराठीतल्या वेलांट्या जागा सोडून पडतात.

रीसेट पुरा झाला की संगणक चपळ वाटतो, पण तो आता कित्येक वर्षे मागे गेलेला असतो. तारीख चुकीची दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा चपटा सेल बदलावा. घड्याळ चुकले तर सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. घड्याळ बरोबर असूनही एक्सपीचा मूळ ब्राउझर आजच्या बऱ्याच संकेतस्थळांपुढे हात टेकतो, कारण त्यांची कूटभाषा त्याला ठाऊक नसते. विंडोज ७ ला अपडेट हवे असतील तर आधी सर्व्हिस पॅक १ आणि २०१९ मध्ये आलेला सही तपासण्याचा नवा आधार बसवावा लागतो. पण पाठबळच संपलेले आहे. मायक्रोसॉफ्टने ते एक्सपीसाठी ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज ७ साठी १४ जानेवारी २०२० रोजी थांबवले. एक्सपीवर चालणारी फायरफॉक्सची शेवटची मालिका ५२ ही होती, आणि विंडोज ७ वर चालणारे शेवटचे क्रोम १०९. कंपनीने सोबत दिलेला, मुदत उलटलेला अँटिव्हायरस तर ओझेच, तो आधी काढावा.

संगणक विकायचा किंवा कुणाला द्यायचा असेल, तर नुसत्या रीसेटवर विसंबणे धोक्याचे आहे. नव्या प्रतीने डिस्कचा काही भागच झाकला जातो. उरलेल्या भागातले जुने फोटो, हिशेब साध्या प्रोग्रामने परत काढता येतात. विंडोज ८ आणि १० मध्ये रीसेट करताना ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय असतो, तो निवडावा. त्याहून जुन्या यंत्रात पूर्ण डिस्कवर नव्याने लिहिणारा प्रोग्राम वापरावा लागतो. पण त्यात रिकव्हरी विभागही जातो, म्हणून डीव्हीडींचा संच आधी हाताशी हवा.

एवढे करून मिळालेला एक्सपी किंवा विंडोज ७ चा संगणक जुने खेळ, टंकलेखन, स्कॅनर किंवा एखादा जुना हिशेबाचा प्रोग्राम यांसाठी उत्तम चालतो. इंटरनेट हवेच असेल तर त्यावर हलके लिनक्स टाकावे. बँकेचे व्यवहार मात्र जुन्या विंडोजवर करू नयेत.