तबकडीचा दाखला

माझ्या घराच्या उत्तरेकडील खोलीत, जेथे वैशाखातही ऊन थेट शिरत नाही, एक जुने सागवानी कपाट आहे. वडिलांच्या हयातीत त्यात जमीनजुमल्याची दप्तरे लाल फडक्यात बांधून ठेवलेली असत. आज त्याच फळ्यांवर सुमारे नऊशे सीडी उभ्या रचलेल्या आहेत आणि त्यांच्या शेजारी एक जाड नोंदवही आहे, जिच्यात प्रत्येक सीडीचा गायक, राग, साथीदार, ध्वनिमुद्रणाचे साल, प्रकाशक आणि ती मी कोठून व कधी घेतली हे सारे लिहून ठेवलेले आहे. ज्या धाराशिव जिल्ह्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जाणे ही उन्हाळ्यातील नित्याची गोष्ट, तेथे घरातील सर्वांत गार कोपरा तबकड्यांसाठी राखून ठेवावा असे या छंदात काय आहे, असे मला पुष्कळदा विचारले जाते. आणि जगातील बहुतेक संगीत खिशातल्या मोबाईलवर क्षणार्धात ऐकता येण्याच्या या काळात तो प्रश्न रास्तही आहे. माझी सारी नोकरी महसूल खात्याच्या कचेरीत गेली, एवढे आधी सांगितले म्हणजे त्याचे उत्तर समजावयास सोपे जाईल.

जमीन कितीही कसदार असो, तिचा उतारा, फेरफार आणि चतुःसीमा हाती नसतील तर ती कोणाकडून कोणाकडे आली आणि तिच्यात काय पिकत होते हे सांगता येत नाही. गाण्याचेही मला तसेच वाटते. स्वर कानी पडले म्हणजे आनंद होतो हे खरे, परंतु तो स्वर कोणाचा, कोणत्या वयातला, त्याच्या मागे सारंगी कोणाची होती आणि तबल्यावर कोण बसले होते, हे कळले की त्या आनंदाला वंशावळ मिळते. सीडी ही माझ्या लेखी केवळ गाणे साठवण्याची वस्तू नाही. गाणे आणि त्याचा दाखला एकाच डबीत सुखरूप ठेवणारी ती वस्तू आहे.

हिंदुस्थानातील ध्वनिमुद्रणाचा आरंभच मुळी अशा दाखल्याने झालेला आहे. १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे मेणाच्या तबकडीवर उतरवून घेतले. गाणे संपताच गौहर जान इंग्रजीत आपले नाव मोठ्याने उच्चारीत. आज ती मुद्रिका ऐकणाऱ्यास हा उच्चार एखाद्या मानिनीच्या स्वाभिमानाची गर्जना वाटतो; त्यामागचे सर्वत्र सांगितले जाणारे कारण मात्र निव्वळ व्यवहाराचे आहे. त्या तबकड्या छापण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात, तेथील कारागिरांना गाणारीण कोण हे भाषेवरून कळणे अशक्य, म्हणून ओळख गाण्यातच बांधून पाठवावी लागे. सन १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि ही प्रथा हळूहळू मावळली. परंतु माणसाचा स्वर देहापासून प्रथमच वेगळा होऊन समुद्रापलीकडे निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे नाव पाठविण्याची गरज पहिल्याच दिवशी भासली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

योगायोग असा की, बरोबर ८० वर्षांनी, १९८२ च्या ऑगस्टमध्ये, कॉम्पॅक्ट डिस्कचे व्यापारी उत्पादन सुरू झाले ते याच हॅनोव्हरच्या शेजारी, लांगेनहागेन येथील पॉलिग्रामच्या कारखान्यात. हॉलंडची फिलिप्स आणि जपानची सोनी या दोन कंपन्यांनी मिळून हे तंत्र सिद्ध केले होते, आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरला जपानात सीडी प्रथम दुकानांतून विक्रीस आली. तबकडी १२ सेंटिमीटर व्यासाची, जाडी १.२ मिलिमीटर, देह पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर. ध्वनीची लाट एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजावयाची, प्रत्येक मापाला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी द्यावयाची आणि ती पायरी शून्य व एक यांच्या भाषेत लिहावयाची, अशी ही योजना. माणसाच्या कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो आणि कोणतीही लाट हुबेहूब परत उभी करावयाची तर तिच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा ती मोजावी लागते. ४४,१०० हा आकडा त्या हिशेबाने ठरलेला आहे. हे सारे लेखन डोळ्यांस न दिसणाऱ्या खड्ड्यांच्या रूपाने एका सर्पिल रेषेवर असते, आणि ती रेषा उलगडून सरळ केली तर सुमारे साडेपाच किलोमीटर भरेल. ग्रामोफोनची सुई बाहेरून आत जाते. सीडीचा लेसर किरण केंद्राकडून कडेकडे वाचत जातो आणि कशालाही स्पर्श करीत नाही. शंभर वेळा ऐकलेली सीडी झिजत नाही ती यामुळे.

आपल्या संगीताच्या दृष्टीने खरी क्रांती सीडीच्या लांबीची होती. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गवयास रागाचे सारसर्वस्व ओतावे लागे, आणि त्यांनी ते असे ओतले की, लहानग्या भीमसेन जोशींच्या कानी ती मुद्रिका पडली आणि अकराव्या वर्षी हा मुलगा गुरूच्या शोधार्थ घर सोडून निघाला, असे सांगतात. लांबलचक रचना अनेक तबकड्यांवर विभागून, त्या तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या बांधणीत विकल्या जात. ‘अल्बम’ हा शब्द गाण्याच्या दुनियेत त्या बांधणीतूनच आला. पुढे एलपी आली, कॅसेट आली, आणि सीडीने तर ७४ मिनिटांचा सलग अवकाश दिला. विलंबित ख्याल कोठेही न मोडता, बाजू न उलटता, आलापापासून द्रुतापर्यंत ऐकता येणे हे ज्याने कॅसेट मध्येच खट् करून थांबल्याचे दुःख सोसले आहे त्यालाच कळेल. उलट, खाँसाहेबांच्या काळच्या वीस-बावीस बाजू, म्हणजे पूर्वी दोन हातांत न मावणारे ओझे, आज एका पातळ डबीत येते.

आणि त्या डबीत असते ती पुस्तिका. विक्रेते तिला इनले म्हणतात; मी तिला सनद म्हणतो. चांगल्या प्रकाशकाच्या पुस्तिकेत रागाचे विवरण असते, बंदिशीचे शब्द असतात, मैफल कोठे आणि कोणत्या साली झाली हे असते, आणि अगदी शेवटी, बारीक टाइपात, संवादिनी, सारंगी, तबला आणि तानपुरा यांवर कोण होते त्यांची नावे असतात. माझी नजर सर्वांत आधी तेथे जाते. आमच्या गल्लीतला एक मुलगा तबला शिकतो. एके दिवशी तो मोबाईलवर एका प्रख्यात गायिकेचे गाणे ऐकत माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, हा ठेका ऐका. वाजवतंय कोण?” त्या पडद्यावर गायिकेचे नाव होते, चित्र होते, किती लाख लोकांनी ऐकले तो आकडाही होता, तबलजीचा मात्र कोठे उल्लेख नव्हता. मी कपाट उघडले, तीच सीडी काढली आणि पुस्तिकेचे शेवटचे पान त्याच्यापुढे धरले. त्याने ते नाव दोनदा वाचले, आपल्या वहीत उतरवून घेतले आणि त्या वादकाची आणखी काय काय मुद्रणे आहेत ते मला विचारू लागला. मोबाईलशी माझे वैर नाही, मीही त्यावर ऐकतो. परंतु ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्याला आधार दिला त्याचे नाव गळून पडते तेथे मला अस्वस्थ वाटते.

धाराशिवसारख्या गावी हा संग्रह जमविणे सुखाचे नव्हते. शास्त्रीय संगीताची सीडी मिळण्याजोगे दुकान येथे नसल्याने कचेरीच्या कामासाठी सोलापूर किंवा पुण्यास जाणे निघाले की मी यादी खिशात घालून निघत असे. पुण्यातील अलूरकर म्युझिक हाउस हे दुकानही होते आणि उत्तमोत्तम गायकांचे गायन प्रसिद्ध करणारी संस्थाही; मुंबईस काळा घोडा भागात ‘रिदम हाउस’ होते, जे २०१६ साली बंद झाले. त्या बातमीच्या रात्री मी माझ्या नोंदवहीत ‘कोठून घेतली’ या रकान्यावर बोट फिरवीत ते नाव किती वेळा आले आहे ते मोजले.

हा दाखल्याचा आग्रह मला एकट्याचा वाटत असे, तोपर्यंत मी तेरला नीट डोळे उघडून गेलो नव्हतो. तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. त्यांच्या चरित्रावर अशोकजी परांजपे यांनी लिहिलेल्या व पं. जितेंद्र अभिषेकी यांनी स्वरबद्ध केलेल्या संगीत नाटकाची पदे माझ्या कपाटात आहेत, म्हणून समाधीच्या दर्शनास मी अनेकदा गेलेलो. परंतु हेच गाव म्हणजे प्राचीन तगर, जेथील मालाचा उल्लेख पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात येतो. ज्या गावी संताने मडकी घडविली त्याच गावच्या शेतांतून नांगराच्या फाळाला भाजक्या मातीच्या मूर्ती, मणी आणि नाणी लागत, आणि त्या वस्तू कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवून जपल्या. त्यांच्याच नावाने आज तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे, आणि म्हणूनच ती ‘तेरची’ आहे हे ठाऊक असणे महत्त्वाचे. तीच मूर्ती एखाद्या परक्या शहरातील दुकानात निनावी पडली असती तर ती सुंदर राहिली असती, परंतु मुकी झाली असती. लामतुरे यांनी जपले ते मातीइतकेच तिच्या गावाचे नाव.

तुळजापूरने मात्र माझ्या नोंदवहीस कसोटीस लावले. नवरात्रात मंदिराच्या वाटेवर भवानीच्या गोंधळाच्या कॅसेटी विकल्या जात, मग सीडी आल्या, आता मेमरी कार्डे आली. त्या सीडींच्या वेष्टनावर देवीचे चित्र मोठे, मुख्य गोंधळ्याचे नाव त्याखाली आणि संबळ, तुणतुणे, झांज वाजविणाऱ्यांचे नाव बहुधा कोठेच नाही. ज्या संबळाच्या पहिल्याच घावाने अंगावर रोमांच उभे राहतात, त्या घावाला धनी नाही! म्हणून गेली कित्येक वर्षे मी शारदीय नवरात्रात तेथे जातो, ओळखीच्या गोंधळ्यांना सीडी ऐकवितो आणि विचारतो, “बापू, ह्यो संबळ कुणाचा?” वृद्ध माणसे क्षणभर ऐकतात, कोणी ‘आमच्या चुलत्याचा’ म्हणते, कोणी गावाचे नाव घेते, कधी दोघांत मतभेद होतो. मी सांगणाराच्या नावानिशी दोन्ही मते लिहून घेतो. ख्यालगायकाच्या साथीदारास छापील पुस्तिका मिळाली. यांना निदान माझी शाई मिळावी.

या कामात सोबती आहेत, हे कळले तेव्हा मला मोठा धीर आला. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने, आणि तिचे दीर्घकाळ सचिव राहिलेले डॉ. सुरेश चांदवणकर यांनी, जुन्या तबकड्यांच्या लेबलांवरील क्रमांक, कलावंतांची नावे व मुद्रणकाळ यांची जी छाननी केली आहे, ती पाहिली की हे काम छंदाच्या पलीकडचे आहे हे पटते. तबकडीवरील एका क्रमांकावरून ती कोणत्या सुमारास मुद्रित झाली हे ते सांगू शकतात. जुन्या मोडी कागदाच्या मोहरेवरून आमचा दफ्तरदार जसा काळ सांगे, अगदी तसे.

जपणुकीविषयी थोडे. पुष्कळजण सीडीची चकाकती बाजू जिवापाड जपतात आणि छापील बाजू बेफिकिरीने टेबलावर घासतात. वास्तविक धातूचा थर छापील बाजूलगतच असतो आणि तेथील ओरखड्यास उपाय नाही, तर चकाकत्या बाजूवरील बारीक ओरखडे यंत्रातील चुकदुरुस्तीची गणिती योजना बहुधा भरून काढते. पुसताना मऊ कापड केंद्राकडून कडेकडे न्यावे, गोल फिरवू नये. घरी लिहिलेल्या सीडीत रंगद्रव्य असते, ते उजेडाने व उष्णतेने लवकर विटते; त्यांवर विसंबू नये. आपल्या भागाची कोरडी हवा तबकड्यांना मानवते, ऊन मानवत नाही.

ही नोंदवही मी सुरू केली ती एका नुकसानीनंतर. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्नेह्याने एक सीडी ऐकावयास नेली. मैफल खासगी, गायक थोर, प्रकाशक लहान. ती सुस्थितीत परत आली. पुस्तिका तेवढी घरात कोठेतरी हरवली होती. त्याला खरोखरच वाईट वाटले, मीही काही बोललो नाही. प्रकाशन केव्हाच बंद पडले होते आणि साथीदारांची नावे मी कधी पाठ केली नव्हती. म्हणून नोंदवहीच्या पहिल्या पानावरील पहिल्याच ओळीत ‘तबला’ हा रकाना कोरा आहे. गेल्या दसऱ्याला तो गल्लीतला मुलगा, जो आता सोलापुरास शिकावयास असतो, घरी आला होता. मी ती सीडी लावली आणि काही न सांगता गप्प बसलो. द्रुताच्या मध्यावर त्याने मान वर केली, तुकडा पुन्हा लावावयास सांगितला, आणि म्हणाला, “काका, हात फरुखाबाद घराण्याचा वाटतोय. सरांना ऐकवू?” मी सीडी एका नव्या डबीत घालून त्याच्या हवाली केली आणि त्या कोऱ्या रकान्यात पेन्सिलीने ‘फरुखाबाद?’ असे लिहून पुढे तारीख टाकली.