विष्णुपंत पागनीस : पडद्यावरचे तुकोबा

आमच्या भाईंदरला, पश्चिमेकडे मिठागरांच्या बाजूस, एका ओळखीच्या घरी आषाढीला भजन असतं. देव्हाऱ्याशेजारी तुकोबांची तसबीर आहे. हातात वीणा, डोक्याला पागोटं, नजर किंचित वर. गेल्या खेपेस ती जवळून पाहिली आणि ओळख पटली. हे तर विष्णुपंत पागनीस! घरच्या आजींना तसं सांगितलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "असतील. तुकोबा तरी दुसरे कसे असणार?"

नटाला याहून मोठी दाद कुठली? पण ही दाद महागात पडते, असंही मला वाटतं.

पागनिसांचा जन्म 1 नोव्हेंबर 1892 चा, चिकोडीचा. नाव झालं ते स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत, आणि तेही स्त्रीभूमिकांमुळे. प्रभात कंपनीने 'संत तुकाराम' काढायला घेतला तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. लुगड्यात वावरलेल्या नटाकडून देहूचा वाणी कसा उभा राहणार, ही शंका साहजिक होती. शिवाय उदाहरण ताजं होतं. आदल्याच वर्षी, 1935 साली, प्रभातच्याच 'धर्मात्मा'त खुद्द बालगंधर्व एकनाथ झाले होते. पण रंगभूमीच्या या राजाला कॅमेरा मानवला नाही आणि ते पुन्हा नाटकाकडे वळले.

मग पागनिसांना का मानवला? माझ्या समजुतीने उत्तर सरळ आहे. नाटकात शेवटच्या बाकावरच्या माणसाला सुद्धा दिसावं, ऐकू जावं म्हणून नट सगळं मोठं करतो. आवाज मोठा, हात मोठे. कॅमेरा मात्र हातभर अंतरावर येऊन बसतो. पागनिसांनी मोठं करणं सोडलं, पण स्त्रीभूमिकेने शिकवलेलं मार्दव ठेवलं. खाली झुकलेली पापणी, अंग चोरून उभं राहणं, बायको कडाडली की ओशाळं हसणं! गाण्यातही तसंच. केशवराव भोळ्यांच्या साध्या चालींवर त्यांनी तानांचं ओझं घातलं नाही. शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी रचलेला बीजाचा अभंग तर लोक तुकोबांचाच समजू लागले. गाथेत शोधायला जाल तर सापडायचा नाही.

अर्थात श्रेय एकट्याचं नव्हे. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन होतं आणि जिजाईच्या भूमिकेत गौरी होती. मुलगा तापाने फणफणला म्हणून देवळात शिरून पांडुरंगाला फैलावर घेणारी ही जिजाई नसती, तर तुकोबा नुसते गोड झाले असते. (माझं मत विचाराल तर चित्रपटातला सर्वांत खरा अभिनय तिचाच.) 12 डिसेंबर 1936 ला चित्रपट मुंबईत लागला तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला.

त्याच 1936 सालात तिकडे इंग्रज नट चार्ल्स लॉटन पडद्यावर चित्रकार रेम्ब्रां झाला होता. त्याच्या आधी तो नीरो बादशहा झाला, आठवा हेन्री झाला, जहाजावरचा जुलमी कप्तान झाला. दर वेळी नवा माणूस! लोकांनी लॉटनमध्ये नट पाहिला. आपल्या लोकांनी पागनिसांत संत पाहिला, आणि तिथेच दार लागलं. 1939 साली 'संत तुलसीदास', 1940 साली 'नरसी भगत', 1943 साली 'महात्मा विदुर'. एका विद्यार्थ्याला मी ही नावं सांगितली तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सर, सोंग एकच, गावं वेगळी." बोलणं उर्मट होतं, पण मला खोडता आलं नाही. ज्याला दुष्ट, लोभी किंवा नुसता संसारी माणूस म्हणून पाहायची प्रेक्षकाची तयारीच नाही, त्या नटाने करायचं काय? नाटकात नायिका रंगवणाऱ्या माणसाकडे इतर रंग नव्हते असं मी तरी मानणार नाही. ते कुणी मागितलेच नाहीत.

3 ऑक्टोबर 1943 ला, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, विष्णुपंत गेले.

'संत तुकाराम' आजही पाहायला मिळतो. पाहाल तेव्हा अभंगांच्या मधल्या जागा सोडू नका. जिजाई बोलत असताना ते नुसते ऐकत उभे असतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघा.